उजव्या हाताचा घास

सामंतबाई अंगणात उकिडव्या बसल्या होत्या. तळहातावर सोललेलं, उकडलेलं अंडं. समोर भिंगरी कुत्री. भिंगरीनं अंड्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि पाव्हण्यानं नको ते बोलल्यावर घरातली म्हातारी करते तसं तोंड भिंतीकडं वळवून घेतलं.

"लाजतेय," सामंतबाई म्हणाल्या.

"लाजत न्हाय," वहिनी चुलीपुढनं म्हणाली. "चांगली वळखती ती."

"खाईल हो. आमच्याकडच्या तिघांनीही आधी असंच केलं होतं. मग एक दिवस ओट्यावरचं थालीपीठ घेऊन पळाले."

मी उंबऱ्यावर बसून सामंतबाईंचा अंदाज घेत होते. मला ती खोडच आहे. गावात माझी पिठाची गिरण. माणूस डबा घेऊन दारात उभा राहिला, की झाकण उघडताना तो डब्यात बघतो का माझ्या तोंडाकडं, एवढ्यावरनं मला त्याच्या घरातलं कळतं. सामंतबाईंचा हिशेब मी असा मांडला होता: बँकेतनं रिटायर, कोल्हापुरात स्वतःचं घर, मागंपुढं कुणी नाही, मन चांगलं. जमेला एवढं. नावे एकच, की चांगल्या मनाला जी घाई असते ती त्यांच्याकडं भरपूर होती. मैदानात पळून झालेली, पाय मोडलेली शर्यतीची कुत्री घरी नेऊन सांभाळायची, हा त्यांचा नाद. जनावरांच्या डॉक्टरनं नंबर दिला होता, आणि फोन मीच केला होता. वहिनीनं करायला लावला म्हणून.

"तीन कुत्री घरात," मी म्हटलं. "झोपतात कुठं?"

"सोफ्यावर."

"आणि तुम्ही?"

"मी खुर्चीवर." त्या मोकळेपणानं हसल्या. "दिवसभर झोपतात हो. लोकांना वाटतं, पळणारी कुत्री म्हणजे घर डोक्यावर घेतील. कसलं काय! चार पाय आभाळाकडं करून पडलेली असतात. बसता तर त्यांना धड येतच नाही, मांड्याच तशा. एक आहे तो आरशातल्या कुत्र्याला भितो. दुसरीला जिना म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तिला मी खांद्यावर घेऊन उतरवायची. आणि थंडीत स्वेटर लागतो."

"स्वेटर," वहिनी चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली. "ऐकलं का वन्सं? स्वेटर."

मी हसले. वहिनी हसली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, दुधात कुस्करली, वाटी घेऊन उठली. कंबरेवर एक हात ठेवूनच उठली. त्या दिवसांत ती तशीच उठायची.

"या, बघायचं असलं तर," ती सामंतबाईंना म्हणाली.

आतल्या खोलीत माझा थोरला भाऊ खाटेवर पडून होता. श्रीरंग; मी त्याला आण्णा म्हणायची. अंगावरनं वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला एक 'आं', तोच सगळ्याला. वहिनी खाटेच्या कडेला टेकली. तिनं त्याचा उजवा हात पांघरुणातनं बाहेर काढला, ओल्या कापडासारखा तो लोंबला. तळव्यात दुधातल्या भाकरीचा घास ठेवला, त्याची बोटं आपल्या बोटांनी मिटली, आणि मनगटाला धरून तो हात खाटेबाहेर धरला.

"भिंगरे," ती कोरड्या आवाजात म्हणाली.

भिंगरी पुढचा पाय उचलत आली. आधी तळहात हुंगला, मग मनगट. मग अलगद, एक कणही खाली न सांडता, तिनं घास घेतला. वहिनीनं दुसरा ठेवला. मग तिसरा.

आण्णाचा अर्धाच चेहरा हलायचा. पण त्या अर्ध्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मी दुसऱ्या कुणाच्या अख्ख्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. सामंतबाई कुत्रीकडं बघत होत्या. मी आण्णाकडं. वहिनीही आण्णाकडंच बघत होती, पण तिच्या नजरेचं वजन मला तेव्हा करता आलं नाही.

वाटी संपल्यावर वहिनीनं पदरानं त्या हाताचं एकेक बोट पुसलं आणि हात परत पांघरुणात ठेवून दिला.

"म्हणजे फक्त..." सामंतबाईंनी त्या हाताकडं बोट केलं.

"फक्त त्या हाताचं," मी म्हटलं. "दुसऱ्या कुठल्या हाताचं खात नाही. आमची करणी आहे ती."

करणीच होती. भिंगरी पिल्लू असताना पंजाबहून हार्वेस्टरवाल्यांबरोबर आमच्या गावी आली. गहू काढायला आलेले ते लोक आण्णाच्या वस्तीवर उतरले होते; जाताना त्यांनी त्याला हे लांब पायांचं, टोकदार तोंडाचं पिल्लू दिलं. आण्णाचा जन्म मैदानांत गेलेला. आमच्याकडं जत्रेत कुत्र्यांच्या शर्यती होतात. दोरीला खोटा ससा बांधून ओढतात आणि त्याच्यामागं कुत्री सोडतात. आण्णाचं आधीचं कुत्रं एका मैदानाच्या आदल्या दिवशी कुणीतरी काहीतरी खायला घालून मारलं होतं. तोंडाला फेस येऊन, आण्णाच्या मांडीवर गेलं. तेव्हा भिंगरीच्या बाबतीत त्यानं ठरवलं: हिनं माझ्या हाताशिवाय कुणाचं खायचं नाही.

हे शिकवायची आमच्याकडची रीत अशी. मटणाच्या तुकड्यात तिखटाची गोळी भरायची आणि ती दुसऱ्याच्या हातानं द्यायची. कुत्रं तोंड भाजून घेतं आणि तो हात लक्षात ठेवतं. आण्णानं एकेका शेजाऱ्याला बोलावलं. सगळ्यांना मोठी गंमत. पारावरची म्हातारी माणसं आली, भावकी आली, दूधवाला आला, शाळेचे मास्तर आले. मी दिला, वहिनीनं दिला. जमिनीवर पडलेलं खाऊ नये म्हणून ताटलीतही तिखट पेरून ठेवलं. पोर रडावं तशी भिंगरी रडायची, आणि मग आण्णा उजव्या हातानं तिला दूधभाकरी द्यायचा. ती त्या हातात तोंड खुपसून उभी राहायची.

एवढ्यावर भागलं असतं. पण माझा भाऊ मिरवणारा. जत्रेत लोकांना दाखवायला त्यानं आणखी एक केलं. पट्टा धरायचा तो डावा हात. त्या डाव्या हातानंही त्यानं स्वतः तिला तिखट दिलं. मग भर मैदानात तो दोन्ही हातांवर दोन सारखे तुकडे ठेवायचा. डावा पुढं केला की भिंगरी तोंड फिरवायची. उजवा पुढं केला की खायची. माणसं टाळ्या वाजवायची. "श्रीरंगाच्या कुत्रीला श्रीरंगाचाबी भरवसा न्हाय," असं म्हणून हसायची. मीही हसले होते.

मैदानं तिनं बरीच मारली. गुलालानं माखून घरी यायची. मग एका वळणावर पाय मोडला, वेडावाकडा जुळला. आमच्याकडं अशा कुत्र्याचा पुढचा मार्ग ठरलेला: हायवेच्या धाब्यापाशी सोडून यायचं. आण्णानं सोडलं नाही. "ती माझ्याशिवाय जेवायची न्हाय," म्हणाला, जसं काही ते एक ओझं नसून पदवी होती.

आणि मग एका सकाळी तो भाकरी कुस्करता कुस्करता वाटीवरच कलंडला.

तो कऱ्हाडच्या दवाखान्यात होता तेवढे दिवस भिंगरी दारात उपाशी बसून होती. आम्ही सगळ्यांनी हात पुढं करून पाहिले. मी केला, आण्णाच्या दोस्तानं, दगडूनानांनी केला, मास्तरांनी केला. प्रत्येक हात हुंगून ती बाजूला झाली. तेव्हा मला कळलं, की अख्ख्या गावातला एकही हात आम्ही शिल्लक ठेवलेला नाही. आण्णा घरी आला तर त्याचा डावा तेवढा हलत होता. त्यानं तो कसाबसा पुढं केला. भिंगरीनं तोंड फिरवलं, आणि हा माणूस ढसाढसा रडला, अर्ध्या तोंडानं.

तेव्हा वहिनीनंच तो मेलेला उजवा हात उचलून कुत्रीपुढं आपटला. "घे," म्हणाली, "घे तुझ्या धन्याचा हात." रागानंच. त्यात भाकरीचा तुकडा होता. भिंगरीनं खाल्ला. तिथनं रोजचा नेम सुरू झाला.

हे सगळं ऐकून सामंतबाई म्हणाल्या, "मग हिला इथंच राहू द्या. तिला नेणं म्हणजे... तुम्हाला जड होत असेल तर मी मदत पाठवीन. कुणी बाई ठेवू कामाला."

"न्हाय," वहिनी म्हणाली. "न्यायची आसंल तर आज न्या. न्हायतर मी धाब्यावर सोडती."

"अहो, पण त्यांना..."

"त्यास्नी आता काय कळत न्हाय."

खाटेवरनं 'आं' आला. आमच्या तिघींनाही तो ऐकू आला.

"वैनी," मी म्हटलं, "कळतं गं त्याला."

"माझी कंबर गेली, वन्सं. त्यांचं सगळं मी करती. आंघोळ, हागणं-मुतणं, सगळं. कधी कुणाला सांगाय आले? पर हे कुत्रं न्हाय व्हणार माझ्यानं."

कंबर खरोखरच गेली होती. मी तेवढंच धरलं आणि हिशेब मिटवला. सामंतबाईंनीही मान डोलावली. त्यांना वाटलं, आपण अशा हट्टी कुत्र्यांना पूर्वी वळवलंय, हिलाही वळवू; नाहीतर धाबा आहेच. चूक म्हणावी असं त्यात काही नव्हतं.

"त्यांचा एखादा न धुतलेला सदरा द्या," त्या म्हणाल्या. "वास राहील. बाहीत हात घालून भरवीन."

वहिनीनं दांडीवरचा सदरा काढून दिला. सामंतबाईंनी तिथंच आपला हात त्याच्या उजव्या बाहीत घालून पाहिला. बाही त्यांच्या बोटांच्याही पुढं गेली. 

भिंगरी गाडीत बसेना. अंग ताठ करून दारात उभी राहिली. आतनं आण्णाचा आवाज येत होता, एकसारखा. चाकाला वंगण नसलेल्या गाडीसारखा. सामंतबाईंनी तिला कवेत उचलून मागच्या गादीवर ठेवलं, अंगावर निळं पांघरूण घातलं. काचेतनं तिचं लांबट तोंड दिसत होतं. ते आमच्याकडं नव्हतं. घराच्या दाराकडं होतं.

गाडी गेली. वहिनी आत गेली, आणि सांजच्याला नेमाच्या वेळेला मी डोकावले तर ती खाटेशी बसली होती. पेजेची वाटी घेऊन, चमचा त्याच्या ओठाशी.

"खावा," ती म्हणत होती. "आता निवांत खावा. आता कोण न्हाय मधी."

आण्णानं तोंड भिंतीकडं वळवलं.

पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, रुसलाय. मी गिरणीवर नाचणी तीनतीनदा दळून, वस्त्रगाळ करून आणली, वहिनीनं त्याची गूळ घालून पातळ पेज केली. मी भरवायला बसले. तो माझ्याकडं बघायचा, चांगला ओळखून बघायचा, आणि दात आवळून धरायचा. दगडूनाना आले, लहानपणी एका ताटात जेवलेले दोघं. "ए श्रीरंग्या, माझ्यासंगं तरी राग धरू नको की रं," म्हणाले. चमचा पुढं गेला. आण्णानं चमच्याकडं पाहिलं, नानांकडं पाहिलं, तोंड वळवलं. नाना बाहेर आले आणि पायरीवर बसून मला म्हणाले, "गिरजा, हे कुणाचं बघून शिकलाय, ठाव हाय न्हवं?"

डॉक्टरांनी नाकातनं नळी घातली. आण्णानं ती डाव्या हातानं उपसून काढली. परत घातली, परत काढली. तो डावा हात शेवटी तेवढ्याच कामाला आला.

तिकडनं सामंतबाईंचे फोन येत होते. आधी धीराचे.

"हुंगते हो. बाहीला डोकं टेकवून उभी राहते. खाईल."

मग उतरलेले.

"पाणी पिते. बाकीची कुत्री तिच्या अंगाला अंग लावून झोपतात. एकदा तिनं चिकनचा तुकडा तोंडात घेतला, गिरजाताई, खरंच घेतला, आणि मग खाली ठेवला. डॉक्टर सलाईन लावतायत."

मग एक दिवस नुसतंच रडणं.

त्या दुपारी मी पीठ घेऊन गेले तेव्हा वहिनी चुलीपुढं बसली होती, चूल विझलेली. मी म्हटलं, "वैनी, कुत्रीला आणू परत. इकडं हा जाईल, तिकडं ती जाईल. कंबरेचं बघू, मी येईन रोज हात धरायला."

तिनं सरपणातली एक काडी उचलली.

"ऐकतीस का?"

"कंबर न्हवती, वन्सं."

"मग?"

तिनं विझल्या चुलीतली राख काडीनं एकसारखी केली. "लग्नात घास दिला व्हता त्यांनी मला. जिलबीचा. नाव घ्या म्हणून सगळ्यांनी धरलं तवा. तुम्ही हुता की. परकर नेसून पुढं बसला हुता."

मला आठवत होतं. आण्णा लाजून लालबुंद झाला होता, आणि जिलबीचा पाक वहिनीच्या शालूवर सांडला होता.

"त्याच्यामागनं ह्यो हात माझ्या तोंडापाशी आला न्हाय. मारायबी आला न्हाय, खोटं कशाला बोलू? आलाच न्हाय. मी म्हणायची, आसतंय. गडीमाणूस, कोण भरवतंय रोज बायकूला. कुणाचाच भरवत न्हाय." ती थांबली. "मग ती आली. तिला रोज भरवायचा. मांडीवर घेऊन. त्येबी चाललं. माझी नजर चुलीकडं असायची, मी बघायचीच न्हाय. पर हे दुखणं आलं आनि त्यो हात माझ्याच हातात आला. मीच उचलायचा, मीच तिच्या तोंडाशी न्ह्यायचा. आनि रोज त्यांचं तोंड बघायचं."

"वैनी..."

"असं तोंड माझ्यासाठी कधी झालं न्हाय, वन्सं. ती जिलबी दिली तवाबी न्हाय. म्हणून दिली मी तिला. दुसरं कायबी न्हवतं."

आयुष्यभर माणसं तोलली मी. ही बाई रोज माझ्या गिरणीवर यायची, डबा ठेवायची, दळण न्यायची, आणि मी काय तोललं होतं? पीठ.

तिनं काडी चुलीत टाकली. आतनं आण्णाचा आवाज येत नव्हता आता. मग वहिनीच म्हणाली, "करा फोन. म्हणावं आणा तिला. मी धरीन हात. म्हणावं, जलमभर धरीन."

मी तिथनंच फोन लावला. सामंतबाई म्हणाल्या, डॉक्टर सकाळी सलाईन काढतील, ते काढलं की निघते.

वहिनीनं रात्री टोपलं पुसून भाकऱ्या केल्या. आण्णाला सांगितलं, "येतीया ती. उद्या येतीया. ऐकलं न्हवं?" त्यानं ऐकलं असावं. डोळे उघडले होते त्यानं. पण शरीराचाही एक हिशेब असतो आणि तो कुणाच्या निरोपासाठी थांबत नाही. उजाडायच्या सुमाराला आण्णा गेला.

सामंतबाईंची गाडी आली तेव्हा अंगणात माणसं जमलेली, तिरडी बांधून झालेली. आण्णाला आंघोळ घालून, पांढऱ्यात गुंडाळून ओसरीत ठेवलं होतं. त्यांनी गाडीतनं उतरून हे पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या. मग मागचं दार उघडून त्यांनी भिंगरीला बाहेर काढलं. जिना न येणाऱ्या कुत्रीला उतरवायच्या म्हणाल्या होत्या, तशी खांद्यावर घेऊन. एवढी उंच कुत्री, पण एखाद्या उपरण्यासारखी त्यांच्या खांद्यावर पडली होती. अंगात आण्णाचा सदरा, बाह्यांना गाठी मारलेल्या.

माणसं बाजूला झाली. बाईंनी तिला ओसरीत खाली ठेवलं. ती पायांवर उभी राहिली, कशी ते देवाला ठाऊक.

वहिनी आण्णाच्या उशाला बसली होती. तोवर ती रडली नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं. "वन्सं, टोपल्यात कालची भाकरी हाय. दुधात कुस्करून आना."

"हौसा, अगं सुतक पडलंय," दगडूनाना वहिनीला म्हणाले. "घरात मढं हाय. भाकरी कसली मागतीस?"

"माझ्यासाठी न्हाय मागत, नाना."

मी आणली. तिनं पांढरं कापड सोडवलं आणि उजवा हात बाहेर काढला. रोजच्यासारखा तो आता लोंबत नव्हता, ताठला होता. तिनं बळानं बोटं उघडली, त्यात घास ठेवला, आपल्या हातानं मिटली. मनगट धरलं.

"भिंगरे." या वेळी आवाज कोरडा नव्हता. "ये गं. ये बाय माझी."

 भिंगरी आली. तिनं तळहात हुंगला. मनगट हुंगलं. कोपरापर्यंत हुंगत गेली, परत बोटांपाशी आली. तिची शेपटी एकदा हलली, तेव्हा सामंतबाईंनी माझा दंड घट्ट धरला. मग भिंगरीनं मान वर करून आण्णाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

तो हात तसा आधीपासनंच मेलेला होता. रोज ती मेलेल्याच हातातनं खात होती. मग त्या दिवशी त्यात काय कमी झालं, ते तिचं तिलाच माहीत.

ती तिथंच भिंतीला लागून पडली. तिचं पुढं काय झालं तेही सांगून टाकते, मागं ठेवायला नको. सामंतबाई तिला सोडून गेल्या नाहीत. माझ्याकडंच राहिल्या, विट्याहून डॉक्टर आणला, सुया झाल्या, सलाईन झालं. आण्णाचा दहावा उजाडला नव्हता तोवर ती गेली. बाईंनी तिला वस्तीच्या बांधावर पुरलं, सदऱ्यासकट. परत त्या कधी गावात आल्या नाहीत. दिवाळीला फोन येतो, घरात अजून कुत्री आहेत म्हणतात. भिंगरीचं नाव आम्ही दोघीही काढत नाही.

पण मी सांगत होते ते ओसरीतलं.

भिंगरीनं तोंड फिरवलं तरी वहिनीनं हात खाली ठेवला नाही. मनगट धरून तशीच बसली. दूध बोटांतनं गळून पांढऱ्या कापडावर ठिपकत होतं. बाहेर कुणीतरी ऊन चढल्याचं बोललं. दगडूनाना पुढं झाले, "ठेव गं आता, ठेव," म्हणाले.

वहिनीनं त्या हाताकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी धरून तो सावकाश वर आणला, स्वतःच्या तोंडापाशी, आणि त्यातला घास खाल्ला.

बायकांत एकच कालवा झाला. "अगं बया!" "येड लागलं का हिला?" "मढ्याच्या हातचं खाल्लं गं!" कुणीतरी तिच्या खांद्याला धरून मागं ओढू लागलं. मी त्या बाईचा हात झटकून टाकला.

वहिनी चावत होती. दातांत खडा येईल म्हणून माणूस जपून चावतो, तशी. तिचे डोळे माझ्यावर होते, आणि मी वाट बघत होते, कशाची ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं घास गिळला.

"वन्सं," ती हळू म्हणाली, मला एकटीलाच ऐकू जाईल असं, "नुसती भाकरीच हाय की ही."

मग तिनं पदर घेऊन त्या हाताचं एकेक बोट पुसलं, हात कापडात ठेवला, कापड नीट गुंडाळलं, आणि बाहेरच्या माणसांना म्हणाली,

"उचला."